एकाच आगीच्या चार कविता

शनिवार, ७ मार्च
बाईंनी आज माझी वही मिटून परत दिली! "सगळ्या कविता एकाच साच्यातल्या. आधी रचना शिका." चार प्रकार: ओवी, सुनीत, गझल, हायकू. विषय मात्र चारींना एकच. "म्हणजे लपायला जागा उरत नाही," म्हणाल्या. निवृत्त शिक्षिका, वाचनालयाच्या माडीवर वर्ग घेतात, आणि नजर अशी की उसवलेला टाका लांबूनच दिसावा.

मी फटकन विषय लिहून दिला — दुकानाची आग. कशाला लिहिला? दुसरं काही सुचलंच नाही.

रविवार, ८ मार्च
ओवी जमली. ऐसपैस असते. बाबांचं शिवणाचं दुकान, धूर, लोकांच्या कापडांची राख, सगळं मावलं. दादाही मावला — इस्त्री चालू ठेवून शटर ओढणारा दादा. बावीस वर्षं घरात हेच सांगतात. बाबांनी त्याला त्याच दिवशी घराबाहेर काढलं. तेव्हापासून बापलेकांत शब्द नाही.

शनिवार, १४ मार्च
ओवी वाचून बाई म्हणाल्या, "छान. पण यात तुम्ही कुठे आहात?"
"मैत्रिणीकडे गेले होते," म्हटलं.

गुरुवार, १९ मार्च
सुनीत. चौदा ओळी, आठवीनंतर विचाराला वळण हवं. वळण येतच नाही! आठ ओळी दादाला बोल लावते आणि पुढे मुकाट. अक्षरं बोटांवर मोजताना बाबांनी पलीकडच्या मशीनवरून विचारलं, "काय गं, टेप हरवली का?" स्वतःच हसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

शनिवार, २१ मार्च
सुनीत अर्धंच दिलं. बाईंनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवार, २६ मार्च
गझल. प्रत्येक शेराच्या शेवटी तोच शब्द हवा. मी घेतला "दादाने". पाचव्यांदा लिहिला आणि स्वतःचीच किळस आली. कागद फाडला.

आज दादाचा वाढदिवस. घरात त्याचं नाव निघत नाही, पण या दिवशी बाबा मशीनला हात लावत नाहीत. दिवसभर खिडकीशी बसून होते.

शनिवार, २८ मार्च
हायकू. सतरा अक्षरं! सबबींना जागाच नाही.

इस्त्री चालूच
बाहेर गेले मीच —
दादा निघाला

इस्त्रीखाली माझाच फ्रॉक होता. घाईत पळाले. नंतर बाबांनी विचारलं तेव्हा सरळ सांगितलं, "मी इस्त्रीला हातही लावला नाही." चौदा वर्षांची होते, मान्य. पण आता छत्तीस झाले की!

बाईंनी वाचून चष्मा काढला. "हे मला काय दाखवताय? ज्यांना दाखवायचं त्यांना दाखवा."

रविवार, २९ मार्च
बाबांना वाचून दाखवलं. मग सगळं सांगितलं. ते कितीतरी वेळ कात्री पुसत राहिले. मग एवढंच — "त्याला फोन लाव. म्हणावं, बापाचं चुकलं. घरी ये."

फोन लावायचं धाडस आज झालं नाही.

सोमवार, ३० मार्च
लावला, स्पीकरवर. दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चिमे, तू गेल्यावर मी आत आलो होतो. इस्त्री चालू दिसली. मुद्दाम बंद नाही केली. मला ते दुकान नकोच होतं गं."

मागून बाबा — "फोन ठेवू नकोस! आधी त्याच्या शर्टाचं माप विचार."