मागच्या क्लिपचा स्क्रू डावीकडे

मी, गल्लीत आणि गिऱ्हाइकांत थोरले मिस्त्री म्हणून ओळखला जाणारा, धंदा गाड्यांची दुरुस्ती, आता घरी बसलेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वखुशीने लिहून ठेवत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही. 'माझे मन स्थिर आहे' असे पहिल्याच ओळीत लिहा, असे वकीलसाहेबांनी बजावले होते. ते मी लिहिणार नाही, कारण ते खोटे आहे. डोके ठिकाणावर आहे, माणसे ओळखू येतात, देणेघेणे कळते. पण मन पार हादरले आहे. का, ते कलम पाचमध्ये येईल. अक्षर हलल्यासारखे दिसले तर तो टेबलाचा दोष समजावा. त्याचा एक पाय आखूड आहे.

कलम पहिले. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र या लिखाणाने रद्द होत आहे. त्यात 'माझ्या धाकट्या भावास माझ्या मिळकतीतला साधा नटही मिळू नये' असे वाक्य होते. ते मला इतके आवडले होते की वकीलसाहेबांना मी ते पुन्हा वाचायला लावले होते. आता ते कोणाच्या नजरेस पडू नये. कागद फाडून टाकावा, रद्दीत घालू नये. आमच्या गल्लीत रद्दीही वाचतात.

कलम दुसरे. राहते घर, त्यातील सामानसुमानासह, माझ्या पत्नीस मिळावे. तिने माझ्या पाठीमागे काय चालवले होते ते कळल्यानंतर, पूर्ण विचार करून, मी हे लिहीत आहे. घर तिलाच. बँकेतली शिल्लक तिला आणि मुलीला निम्मी निम्मी. शिवाय पत्नीच्या तोंडाला लावायच्या पावडरीचे जे डबे मी न विचारता इंजिनावर रिकामे केले, ते भरून द्यावेत. ही मागणी तिची आहे आणि ती रास्त आहे.

कलम तिसरे. चौकातल्या पार्टवाल्यास, ज्याने 'मिस्त्री, डोळे झाकून बसवा' म्हणून मला रेडिएटरचा होजपाइप विकला आणि जो पाइप भर चढावर फाटला, तो फाटका पाइप वारसाहक्काने मिळावा. शेडमध्ये खिळ्याला टांगला आहे. त्याने तो दुकानात गिऱ्हाइकांना दिसेल असा लावावा. लावणार नाही, पण माझे सांगून झाले.

कलम चौथे. गाडी. ही आमच्या वडिलांची. घरात तिला म्हातारी म्हणतात. तिचे कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे पाणी, कमी होत राहते, कायमच. ती ज्याच्याकडे जाईल त्याने पुढील गोष्टी पाळाव्यात. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. माझ्या मनगटावरचा डाग आठवावा. नुसते ओतत बसू नये. ओतणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. गाडी उभी करताना खाली पुठ्ठा पसरावा आणि थेंब कुठे पडतो ते पाहावे. अगदी पुढे पडला तर रेडिएटर, पट्ट्याच्या बाजूला पडला तर पाण्याचा पंप. पुठ्ठा कोरडा, पण आत पायाखालचे कार्पेट ओले आणि गाडीत गोडसर वास, तर हीटर. कुठेच ओल नाही, मात्र सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही आणि ऑइल दुधाळ झाले आहे, तर हेड गॅस्केट गेले. मग गाडी हलवू नये, अंगात कितीही खुमखुमी असली तरी.

आणि काहीच सापडेना, तर वडिलांची युक्ती करावी. थंड इंजिन फडक्याने कोरडे करून त्यावर पावडर फुंकावी आणि गाडी थोडा वेळ चालू ठेवावी. पाणी जिथून झिरपते तिथे पावडरीत रेघ उमटते. हे सगळे मी का लिहितो आहे असे कोणाला वाटेल. याच युक्तीने माझा घात केला म्हणून.

कलम पाचवे. हे कलम मिळकतीचे नाही. वकीलसाहेब म्हणाले, याची कायद्याला गरज नाही. मला आहे.

वडिलांच्या मागे गॅरेज आम्ही दोघे भाऊ चालवत होतो. एके दिवशी एका गिऱ्हाइकासमोर, मी इंजिनाच्या मागच्या अंगाला वाकलेला असताना, धाकटा म्हणाला, "दादा, तुझा हात थरथरतोय. मागचं काम मला करू दे." गिऱ्हाईक हसले नाही, उलट मान खाली घालून उभे राहिले. ते मला जास्त लागले. मी धाकट्याला त्याच पावली बाहेर काढले. त्याने नाल्यापलीकडे स्वतःचे गॅरेज टाकले. तेव्हा माझी मुलगी शाळेत जात होती. आता तिची मुलगी जाते. मधल्या काळात आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. त्या सगळ्या वर्षांत म्हातारी गळायची, मी पाइपांवरच्या पुढच्या दोन क्लिपा आवळायचो आणि गळती थांबायची. 'अजून कोणाचा हात लागू दिलेला नाही' असे मी गल्लीभर सांगायचो.

मागच्या महिन्यात कूलंट पुन्हा उतरले. मी मंगळवारी सकाळी पत्नीचा डबा गुपचूप उचलला, इंजिनाच्या मागच्या अंगाला पावडर फुंकली, गाडी थोडी तापवली आणि ती निवेपर्यंत हॉस्पिटलात जाऊन आलो. मंगळवारी मी खांद्याच्या व्यायामाला जातो. परत येऊन टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन मागे पाहिले. रेघ नव्हती. पावडरीत पाच बोटे उमटली होती.

मी आरसा पुसला आणि पुन्हा पाहिले. बोटेच होती. त्यांच्या शेजारी कोरी क्लिप, आणि तिचा स्क्रू डावीकडे.

वडील शिकवायचे, क्लिपचा स्क्रू उजवीकडे ठेवा, पुढच्या माणसाचा हात सहज पोचला पाहिजे. धाकटा डावखुरा. त्याने त्यासाठी बोटांवर पान्याचे फटके खाल्ले, पण स्क्रू काही उजवीकडे ठेवला नाही. साऱ्या गावात अशी उलटी क्लिप एकच माणूस बसवतो. मी तिथेच उलट्या बादलीवर बसलो. मग धीर करून आरसा आणखी आत घातला. दुसरी क्लिप, डावीकडे. खालची, डावीकडे. पाण्याचा पंप मी बसवलेला नव्हताच. इंजिनाच्या मागे पाण्याच्या भोकावर पत्र्याची टोपी असते, तिथे पितळेची होती. पितळेचा हट्ट त्याचाच. मी नेहमी म्हणायचो, पत्र्याने भागते. ज्या गाडीला कोणाचा हात लागला नाही म्हणून मी मिशा पिळत होतो, तिच्या पोटात जिकडेतिकडे त्याचाच हात होता.

पत्नी दोरीवरचे कपडे काढत होती. मी विचारले, "आपल्या गाडीला कोणी हात लावला?"

"कोणी म्हणजे? भावजी लावतात."

जणू दूधवाला दूध घालतो, इतक्या सहज म्हणाली.

"कधीपासून?"

"तुम्ही त्यांना हाकललंत ना, त्याच्या पुढच्याच महिन्यापासून. आधी तुम्ही पार्ट आणायला बाजारात गेलात की यायचे. आता मंगळवार ठरलेलाच आहे."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही गाडी ढकलत नेली असतीत, पण त्यांना हात लावू दिला नसतात. मला त्या गाडीत बसायचं असतं. वाफेवर शिजायची हौस नव्हती मला."

"चहा देत होतीस त्याला?"

"मग काय, तसंच पाठवायचं? तुमच्याच कपात देते. त्यांना मोठा कप लागतो."

माझ्या घरात, माझ्या कपात! मला त्या दिवशी जेवण गेले नाही. रागाने की कशाने, ते अजूनही सांगता येत नाही.

पुढच्या मंगळवारी मी बसथांब्यापर्यंत गेलो आणि परतलो. म्हातारीखालून दोन पाय बाहेर आले होते. बुटांच्या टाचा आतल्या बाजूने झिजलेल्या, वडिलांच्या झिजायच्या तशा. खालून आवाज आला, "वहिनी, तो बारा नंबरचा पाना द्या जरा."

मी दिला. देताना पाना बंपरवर खडखडला. त्याचा हात थांबला.

"दादा?"

"हं."

मग मी म्हणालो, "क्लिप अजून उलटीच बसवतोस."

"गळते का?"

"नाही."

"मग राहू दे की."

त्याने काम संपवले, हात पुसले, मोठ्या कपातून चहा प्यायला आणि गेला. मला पुष्कळ बोलायचे होते. मी पाना जागेवर ठेवला, एवढेच झाले. जे तोंडाने जमत नाही ते कागदावर जमेल, म्हणून हे मृत्युपत्र.

कलम सहावे. गॅरेजची शेड, त्यातला जॅक, माझी व वडिलांची सर्व हत्यारे आणि म्हातारी गाडी, हे सगळे माझ्या धाकट्या भावास मिळावे. त्यात कोणी वाटा मागू नये. गिऱ्हाइकासमोर तो जे बोलला त्याबद्दल ~~मी त्यास माफ करतो~~

नंतर जोडलेला मजकूर. वरचे शब्द मी स्वतः खोडले आहेत. कारण लिहितो.

आज सह्यांसाठी वकीलसाहेब आणि शेजारचे टेलरमास्तर आले. दुसरा साक्षीदार म्हणून पेपरवाला येणार होता, तो उगवलाच नाही. आज मंगळवार, त्यामुळे धाकटा आला. मी कागद त्याच्यापुढे सरकवला आणि खिडकीबाहेर पाहत बसलो. त्याने कलम सहा वाचले, पुन्हा वाचले.

"मला माफ करतोयस?" तो म्हणाला. हसला नाही, हे त्याचे उपकार.

मग त्याने वकिलांना विचारले, "साक्षीदार कमी पडतोय का? मी करतो सही."

वकीलसाहेब घाईघाईने म्हणाले, "तुम्ही नाही चालणार. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. तुम्ही सही केलीत की कलम सहा गेलं."

"अख्खं?"

"अख्खं."

"मग द्या इकडे पेन."

आम्ही हात पुढे करेपर्यंत त्याने डाव्या हाताने सही ठोकली. वकिलांनी कपाळाला हात लावला. मी ओरडलो, "अरे, वेडा का खुळा तू? वडिलांची हत्यारं आहेत ती!"

"दादा, तू मेल्यावर मला काही नको." त्याने पेनाला टोपण लावले. "जिवंत आहेस तोवर मंगळवारी दारातून हाक मार. इतकी वर्षं स्वतःच्या घरात चोरासारखा येतोय. कंटाळा आला रे."

गेल्या महिन्याभरात मला बसलेल्या धक्क्यांत हा सगळ्यात मोठा. त्याला सगळे देऊन मी मोकळा होणार होतो, आणि त्याने मला मोकळे होऊ दिले नाही. मी दारापर्यंत गेलो, गल्लीकडे तोंड केले आणि त्याला नावाने हाक मारली. तो माझ्या मागेच उभा होता. तरीही मारली, मोठ्याने. टेलरमास्तर साक्षीला आहेत.

तेव्हा कलम सहा रद्द समजावे. शेड, हत्यारे व म्हातारी गाडी पत्नीकडे जातील. शेडची दुसरी किल्ली तिने त्याला केव्हाच देऊन ठेवली आहे, असे आत्ता समजते. तो गिऱ्हाइकासमोर बोलला होता ते खरे बोलला होता. हॉस्पिटलात मी खांद्यासाठी जात नाही.

हा मजकूर वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमोर कायम केला.

साक्षीदार पहिला: शेजारचे टेलरमास्तर (सही)

साक्षीदार दुसरा: धाकटे मिस्त्री (सही, डाव्या हाताची)

स्थळ: राहते घर, शेडला लागून असलेली खोली. तारीख वकीलसाहेबांच्या शिक्क्यात आहे. वार मंगळवार.

लिहून ठेवणार: थोरले मिस्त्री. सही रेघेच्या बाहेर गेली आहे. कागद धाकट्याने धरला होता, तरी गेली. टेबलाचा काही दोष नाही.