डॅशबोर्डमागची पिवळी वायर

रविवार, २ फेब्रुवारी
सुहासिनीचा फोन आला. तेराव्यानंतर पहिल्यांदाच स्वतःहून. म्हणाली, बेडरूमच्या खणात माझा जुना म्युझिक प्लेअर आहे, तो कुरिअरने पाठव. मी म्हटलं, कुरिअर कशाला, मीच घेऊन येतो. म्हणाली, नको, येऊ नकोस. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये मी अडकेन अशी तिला कायम धास्ती. म्हणजे काळजी अजून आहे. ही मोठी गोष्ट.

ती सध्या डोंबिवलीला माहेरी. दिवाळीत आप्पा, म्हणजे माझे सासरे, सिरियस झाले तेव्हा गेली. डिसेंबरमध्ये आप्पा गेले. आता आईंना सोबत म्हणून राहिलीय, काही दिवस. उन्हाळ्याचे, थंडीचे, सगळेच कपडे नेलेत. पण हल्ली हवामानाचा नेम नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी
ऑफिसात बसल्या बसल्या आयडिया सुचली. प्लेअर कुरिअरने पाठवायचा नाही. गाडीत बसवायचा. आपल्या गाडीच्या स्टिरिओला फक्त सीडी चालते, त्यावरून सुहासिनी चौदा वर्षं बोलतेय. मागच्या बाजूने अडॅप्टर लावला की प्लेअर थेट जोडता येतो. तो बसवायचा, तिची आवडती गाणी भरायची आणि रविवारी २३ तारखेला डोंबिवलीत तिच्या बिल्डिंगखाली गाडी उभी करायची. ती खाली येईल, गाणं ऐकेल, बसेल. येताना बॅगा मागे राहतील की डिकीत, एवढंच बघायचं.

अडॅप्टर ऑर्डर केला. व्हिडिओत एक माणूस बारा मिनिटांत बसवतो. मी अर्धा तास धरलाय.

शनिवार, ८ फेब्रुवारी, सकाळी १०
प्लेअर चालू केला. गाणी थोडीच. बाकी सगळं आप्पांचं रेकॉर्डिंग. आप्पा १, आप्पा २, असं एकेचाळीसपर्यंत. ऑपरेशननंतर ते तीन महिने आमच्याकडे होते. दुपारी बाल्कनीत बसायचे आणि सुहासिनी त्यांना काहीबाही विचारत राहायची. तिचा फोन कायम भरलेला, म्हणून या प्लेअरवर रेकॉर्ड करायची. रविवारी मी घरी असलो की मला मॅचची कॉमेंट्री नीट ऐकू यायची नाही. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. कधी तक्रार केली नाही.

दोन्ही बाजूंनी आवाज येतो का बघायला आप्पा ७ दहा सेकंद लावलं. खोकला. मग कुठल्यातरी विहिरीबद्दल. आवाज ओके. बंद केलं.

दुपारी १
डॅशबोर्ड उघडतोय. जेवणाच्या सुरीने. चार क्लिपांपैकी तीन तुटल्या. चौथी मजबूत आहे.

खाली पार्किंगमध्ये पंढरीकाका भेटले. आमच्या तळमजल्यावर राहतात, खोपटच्या एसटी डेपोत इलेक्ट्रिशियन होते, आता रिटायर्ड. म्हणाले, महेंद्रभाऊ, वायरला हात लावण्याआधी मीटर लावा, मी आणून देतो. मी म्हटलं काका, बस वेगळी, कार वेगळी. ते हसले आणि तिथेच कठड्यावर बसून राहिले. लोकांना वेळ फार असतो.

रविवार, ९ फेब्रुवारी
अडॅप्टर बसला. पण उजवा इंडिकेटर दिला की हॉर्न वाजतो. तात्पुरता उपाय: उजवीकडे वळायचं नाही.

बॅटरीची वायर काढून परत लावली, तर स्टिरिओ चार आकडी कोड मागायला लागला. लग्नाची तारीख टाकली. चूक. सुहासिनीचा वाढदिवस टाकला. चूक. मग वाटलं, वाढदिवस चौदा तारखेला नसून पंधराला असेल. तीही चूक. पंढरीकाका म्हणाले, तो कोड कंपनीचा असतो, गाडीच्या कागदांत बघा. कागदांत होता. मी बघणारच होतो.

बुधवार, १२ फेब्रुवारी
सुहासिनीचा मेसेज: पाठवलास का? मी लिहिलं: प्रोसेसमध्ये आहे. तिने लिहिलं, लवकर दे, सुदेश सगळं कॉम्प्युटरवर घेणार आहे, दुसरीकडे कुठेच कॉपी नाही. सुदेश तिचा भाऊ. त्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. हे काम माझ्याकडेच यायला हवं होतं.

शनिवार, १५ फेब्रुवारी, दुपारी १२
प्लेअर गाडीतच चार्ज होत राहिला तर किती छान. म्हणजे तिला कधी बॅटरीकडे बघावंच लागणार नाही. स्टिरिओमागे एक पिवळी वायर आहे, तिच्यात कायम करंट. गाडीचा करंट बारा व्होल्टचा, प्लेअरला पाच लागतो. मध्ये कन्व्हर्टर लावायचा असतो. तो यायला मंगळवार होईल. पाच मिनिटं चार्ज करून बघायला कन्व्हर्टरची गरज नसावी.

१२.२०
प्लेअर थोडा गरम.

१२.२५
बराच गरम. स्क्रीन पांढरी. वायर काढली. थंड व्हायला फ्रिजमध्ये ठेवलाय, वरच्या खणात, कोथिंबिरीच्या शेजारी.

रविवार, १६ फेब्रुवारी
प्लेअर चालू झाला. ही जुनी यंत्रं दणकट. मात्र आत काहीच दिसत नाही. कॉम्प्युटरला लावला तर मेसेज आला की वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल, करू का? बाकी काही करूच देईना. हो म्हटलं.

आता एकदम नव्यासारखा झालाय. जागाच जागा. तिच्या आवडीची सहाशे बारा गाणी भरली, तरी बसली. मला ज्यांची नावं आठवली ती आधी, मग त्या काळातली इतर. आप्पांचं रेकॉर्डिंग आत कुठेतरी असणारच. एवढं एकेचाळीस फायलींचं सामान जाणार कुठे.

गाडीत लावला. आवाज सुंदर. डावा स्पीकर सोडून.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
ऑफिसातल्या रुपालीला सहज विचारलं, फॉरमॅट केल्यावर जुन्या फायली कुठे जातात. म्हणाली, पुसल्या जातात, पण लगेच नेलं तर कधीकधी परत मिळतात, फक्त त्यावर नवीन काही भरू नकोस. मी विचारलं, किती नवीन. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, एका मित्राचं आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी
अर्धा दिवस रजा. ठाणे स्टेशनजवळ डेटा परत काढून देणारं एक दुकान आहे. तिथल्या बाई मशीनला लावून तासभर बसल्या. मग प्लेअर रुमालावर ठेवून माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, वरून काही भरलं नसतं तर बघितलं असतं. मी विचारलं, एक तरी? त्या म्हणाल्या, काका, काही नाही उरलं.

परत येताना गाणी लावली नाहीत.

शनिवार, २२ फेब्रुवारी
उद्या जायचं की नाही. ताप आल्यासारखं वाटतंय. थर्मामीटरमध्ये येत नाहीये.

पंढरीकाकांना सगळं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, जिन्यात भेटले म्हणून. मला वाटलेलं, मीटरचं काढतील. नाही काढलं. म्हणाले, कुरिअरने पाठवू नका, तोंडाने सांगा. मग खाली आले, डॅशबोर्डखाली आडवे झाले आणि हॉर्न इंडिकेटरपासून सोडवून दिला. म्हणाले, डोंबिवलीला जाताना उजवीकडे वळावं लागेल.

रविवार, २३ फेब्रुवारी
हे सगळं क्रमाने लिहितो.

अकराला पोचलो. खालून फोन केला. सुहासिनी म्हणाली, मी येऊ नकोस म्हटलेलं. मग आली. बारीक झालीय. केस कापलेत, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मी पुढचं दार उघडलं. ती बसली, पाय बाहेर ठेवून.

मी ठरवलेलं आधी गाणं लावायचं. लावलं. तिने अर्धं कडवं ऐकलं आणि विचारलं, हे प्लेअरवर आहे? मी हो म्हटलं. तिने विचारलं, आणि आप्पा?

मी पिवळ्या वायरपासून सुरुवात केली. कन्व्हर्टर मंगळवारी येणार होता तेही सांगितलं. दुकानातल्या बाईंचंही सांगितलं. बोलताना माझ्या लक्षात आलं की गाणं चालूच आहे, पण बंद करायला हात पुढे जाईना. तिनेच बंद केलं.

मला वाटलेलं, ओरडेल. ओरडली असती तर काहीतरी उत्तर देता आलं असतं. ती म्हणाली, दोन महिने मला ते ऐकायची हिंमत होत नव्हती, म्हणून तिथेच ठेवलेलं. आता वाटलं, ऐकू शकेन. वर बाल्कनीत आई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, महेंद्र जेवायला थांबणार आहे का. ती म्हणाली, नाही आई.

मी विचारलं, घरी कधी येतेस. तिने सांगितलं, नाही येणार, महेंद्र, दिवाळीत निघतानाच तुला सांगितलेलं. मला ते आठवतंय. तेव्हा मला वाटलं होतं, ती आप्पांच्या टेन्शनमध्ये बोलतेय.

उतरताना तिने प्लेअर काढून घेतला, वायर माझ्याकडे ठेवली. दोन पावलं जाऊन परत आली. म्हणाली, आता ज्याला जे आठवतंय ते मी लिहून घेणार आहे. आईकडून, सुदेशकडून. तुझ्याकडे आप्पा तीन महिने राहिले. ते काय बोलायचे, कसे बोलायचे, तुला आठवेल ते लिहून दे.

मी म्हटलं, नक्की. पाच-सहा पानं सहज होतील.

ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाली, बरं होईल.

शनिवार, १ मार्च
उद्या लिहायला बसतो. नवी वही आणलीय, दोनशे पानी. आठवणी एकदा सुरू झाल्या की पानं कमी पडायला नकोत.

रविवार, २ मार्च
बाल्कनीत बसून लिहायचं ठरवलं, म्हणजे वातावरण मिळेल. वातावरण मिळालं. आप्पा गावच्या विहिरीबद्दल सांगायचे. विहीर कोणाची, ते माहीत नाही. एका भावाचं नाव घ्यायचे, जो लहानपणी गेला. नाव आठवत नाही. हसताना खांदे हलायचे का मान, यात माझा गोंधळ आहे. तीन पानं फाडली.

सुदेशला फोन करून विचारावं असं मनात आलं. पण मग ती सुदेशची आठवण झाली.

रविवार, ९ मार्च, सकाळी ९
आज एका बैठकीत संपवायचं. बावीस वर्षं त्यांच्याकडे जाणं-येणं होतं, त्यात इथले तीन महिने. समोरासमोर बसून निदान शंभर वेळा जेवलो असू. एवढ्यातून पाच पानं म्हणजे काहीच नाही.

दुपारी ३
वही सकाळपासून समोर. खरं तेवढंच लिहायचं ठरवलं. जे त्यांनी मला म्हटलेलं मी ऐकलं आणि जे मला त्यांच्या आवाजात आठवतं, तेवढंच. लिहून झाल्यावर फोटो काढून सुहासिनीला पाठवलं. तिने पाहिलं.

पानावर एक ओळ आहे:

आप्पा दार उघडून म्हणायचे, या, बसा.