लावून ठेवलेला प्लग

३ फेब्रुवारी, सोमवार

छपरावर आठ सौर पॅनल बसले एकदाचे. तीन दिवस घरात ड्रिलचा आवाज आणि जिन्यावर बुटांचे ठसे. जोडारी आज चहा पिऊन गेला आणि जाता जाता मला धडा देऊन गेला. मला! पस्तीस वर्षं मुलांना वीज शिकवली मी.

"बाई, साठवायला बॅटरी नाही तुमच्याकडे. ऊन असेल तेव्हाच वापरा. अकरा ते तीन. मोठी कामं तेव्हा उरका — एकदम नाही, एकामागून एक. नाहीतर तुमची वीज जाते तारेवरून बाहेर आणि संध्याकाळी तुम्ही बाहेरची वापरत बसता."

म्हणणं बरोबर होतं. तसं सांगितलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

वेळापत्रक केलं. अकराला कपड्यांचं मशीन, सव्वाबाराला पंप, साडेबाराला गीझर, दोनला इस्त्री. फ्रिजच्या दारावर लावलं. हे चष्मा लावून वाचत उभे राहिले. "सूर्याला दाखवलंस का? त्याची सही घे खाली."

पॅसेजमध्ये पांढरी पेटी बसवली आहे, तिच्यावर हिरवे आकडे. काल बारा युनिट झाली, त्यातली चार घरात वापरली. आठ फुकट बाहेर! चालणार नाही.

मशीन लावून पंपाकडे धावले, तिथून गीझरकडे. धावता धावता एकदम हसू आलं. हे सगळं मी आधी केलेलं आहे! आमच्या लहानपणी गावात वीज दुपारी यायची. कधी, ते कुणालाच ठाऊक नाही — एकला, तीनला, कधी आलीच नाही. स्वयंपाकघरातल्या बल्बचं बटण कायम चालू ठेवलेलं. तो पेटला की ओरडायचं, हे माझं काम. "आली!" की बाबा पंपाकडे, आई गिरणीकडे, ताई इस्त्रीकडे. दीड तासात सगळ्या घराचं काम उरकायचं. बल्बखाली बसून मी सगळे पाढे पाठ केले.

ताई इस्त्री सुंदर करायची. कॉलर अशी, की कागद वाटावा.

८ फेब्रुवारी, शनिवार

जोडारी पुन्हा आला. एक पॅनल कमी देत होता, पक्ष्यांची घाण निघाली. पुसली. मग म्हणतो, "बाई, तुम्ही सारख्या का धावता? मशीनला टायमर आहे. सकाळीच कपडे भरा, प्लग लावून ठेवा, बटण चालू ठेवा. वेळ झाली की आपोआप सुरू. तुम्ही खुशाल बाहेर जा."

"प्लग लावून बाहेर जायचं नाही माझ्या घरात."

"अहो, काही होत नाही."

"होतं."

तो यांच्याकडे बघायला लागला. यांना संधीच मिळाली. "अरे, हिला शाळेत प्लगबाई म्हणायचे! एकदा गाडी स्टेशनात येत असताना ही परत घरी आली — का, तर मिक्सरचा प्लग काढला की नाही आठवेना. मित्राच्या मुलीचं लग्न बुडालं माझं."

"काढलेला होता का?" जोडाऱ्याने विचारलं.

"काढलेला होता!"

दोघंही हसले. हसू देत. का, ते यांना कधी सांगितलं नाही. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर बाहेर. कडक ऊन. दहा युनिट तारेवर गेली. स्वतःचाच राग आला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

भाचीचा फोन. ताईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया आमच्या इथल्या दवाखान्यात ठरली. नंतर तीन आठवडे थेंब घालायचे, जड उचलायचं नाही, वाकायचं नाही. "मावशी, आई तुझ्याकडे राहील? माझं तर ती ऐकतच नाही."

माझं ऐकेल असं वाटतं पोरीला!

ताई बावीसला येणार. म्हणून आज लिहिते. इतकी वर्षं रोजनिशी लिहिते आहे, पण हे पान कधी लिहिलं नाही.

सात मार्च. मी चौदा वर्षांची, ताई अठरा. शाळेत वक्तृत्वाची स्पर्धा होती. पहाटेपासून मी अंगणात भाषण घोकत होते. घरात कोण आहे, कोण नाही, पत्ता नव्हता. त्या दिवशी मला माझ्याशिवाय कुणी दिसतच नव्हतं. साडेदहाला फ्रॉकची सुरकुती दिसली. टेबलावर घोंगडी पसरली, इस्त्रीचा प्लग लावला, बटण दाबलं. वीज नव्हती. येईल म्हणून उभी राहिले. मैत्रिणीने हाक मारली. तसाच चुरगळलेला फ्रॉक घालून पळाले. इस्त्री घोंगडीवर आडवी. प्लग लावलेला.

दुसरा नंबर आला. कप घेऊन उड्या मारत परतले. चारची बस नुकतीच गेली होती, रस्त्यावर अजून धूळ होती. घराच्या बाजूने जळका वास आला.

वीज दोनला आली होती. टेबल अर्धं गेलेलं, पडदा गेलेला, भिंत छतापर्यंत काळी. बाबांनी पंपाच्या पाण्याने विझवलं होतं. ओले, काळे होऊन उभे होते. आई शेजारणीकडून धावत आलेली. आणि ताई दारात. खांद्याला कापडी पिशवी.

"प्लग कुणी लावला?" बाबा.

ताईने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातल्या कपाकडे बघितलं.

"मी," ताई म्हणाली.

"घरातली एक इस्त्री सांभाळता येत नाही, शहरात एकटी काय राहणार ही!"

ताई मॅट्रिकला गावात पहिली होती. हॉस्टेलचा अर्ज भरून तयार होता, फक्त फोटो लावायचा राहिला होता. तो अर्ज बाबांच्या ड्रॉवरमध्ये गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही. पुढच्या वर्षी ताईचं लग्न. चार वर्षांनी मी त्याच हॉस्टेलात गेले. विज्ञान शिकले. विजेवर धडे दिले.

ती माझ्यासाठी खोटं बोलली? की इस्त्री तिचं काम, म्हणून तिला खरंच स्वतःचीच चूक वाटली? सत्तावन्न वर्षांत विचारलं नाही.

या वेळी ती परत जायच्या आत सांगायचं. बस्स.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ताई आली. काळा चष्मा, एका डोळ्यावर पट्टी आणि तोंड सुरू. "अगं चिमणे, तुझं घर आहे की दवाखाना? सगळीकडे कागद!" थेंबांचं वेळापत्रक तिच्या पलंगाशी लावलं होतं, त्याला म्हणाली.

एकाहत्तर वर्षांच्या बाईला चिमणे! ते ऐकून हे खूश. म्हणाले, "ताई, तुम्ही राहाच इथे कायमच्या."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ताईला वाचायला बंदी, टीव्हीला बंदी. कंटाळली. दहा वाजता बघते तर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून त्या पांढऱ्या पेटीसमोर बसलेली! पट्टी निघाली आहे, हिरवे आकडे तेवढे ठळक दिसतात तिला.

"आकडा किती झाला की तू मशीन लावतेस?"

"दीड किलोवॅट."

"बरं. जा तू, भाजी चीर."

पावणेअकराला घर दणाणलं. "आली! आली गं चिमणे, आली!"

मी हातातला चाकू टाकून धावले. खरंच धावले. मशीनपाशी पोचेपर्यंत दोघी हसत होतो. ती तर इतकी, की मी म्हटलं, डोळ्याला ताण येईल, गप्प बस.

"तुझं काम होतं ना हे," ताई म्हणाली. "बल्ब राखायचं. एकदा बल्बखाली झोपली होतीस, आठवतं? बाबा म्हणाले, राखणदारच झोपला."

तेव्हा सांगता आलं असतं. मशीनमध्ये साबण घालत राहिले.

१ मार्च, शनिवार

नऊ युनिट घरात, तीन बाहेर. ताई आल्यापासून आमचा निकाल सुधारला आहे. ती तोंडी हिशोब करते — पंपाला इतकं लागतं, गीझरला इतकं, दोन्ही मिळून इतकं, म्हणजे ढग येण्याआधी गीझर घे. मी कागदावर मांडीपर्यंत तिचं उत्तर तयार. गल्लीतल्या मुलांना आयुष्यभर गणित शिकवलं तिने, फुकट, ओट्यावर बसवून. हे म्हणाले, "ताई, तुम्ही इंजिनिअर व्हायला हव्या होतात."

"झाले असते की," ताई सहज म्हणाली आणि चहा मागितला.

मी उठून चहा टाकला.

४ मार्च, मंगळवार

दोन वाजता इस्त्री. ताई म्हणाली, "आण इकडे, उशीच्या खोळी मी करते." नको म्हटलं, वाकायचं नाही. "उभ्याने करते." केल्या. हात अजून तसाच, एक रेघ वाकडी नाही. मी शेजारी उभी. संपल्याबरोबर प्लग काढला.

"परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखी काय उभी असतेस गं? कॉपी करणार आहे का मी?"

७ मार्च, शुक्रवार

आजच सांगायचं ठरवलं होतं. सकाळपासून ढग. आकडा अर्ध्यावर गेला नाही. ताई पेटीसमोर तशीच बसून राहिली. तारीख तिला आठवत होती का? दिसलं तरी नाही. दुपारी म्हणाली, "आज काही येत नाही तुझी वीज." मी म्हटलं, "उद्या येईल."

भित्री आहे मी. मुलांना उभं करून खरं बोलायला लावायचे.

१४ मार्च, शुक्रवार

उद्या भाची न्यायला येणार. सांगितलं.

ताई पिशवी भरत होती. मी दारात उभी राहूनच बोलले, भाषण म्हणावं तसं, एका दमात. प्लग मी लावला होता. घोंगडी, फ्रॉक, मैत्रीण, सगळं. तुझं कॉलेज माझ्यामुळे गेलं. आणि मी गप्प बसले.

ताईने काळा चष्मा काढला. पदराने पुसला. मग —

"वेडी आहेस का? तुझा प्लग मी काढला होता!"

"काय?"

"तू गेलीस, मी बघितलं, काढला. मग दुपारी माझा ब्लाउज करायचा होता, म्हणून परत लावला. वीज नव्हती. मागे झाडाखाली पुस्तक घेऊन बसले आणि विसरले. मी लावला, म्हणून मी म्हटलं. तुझा काय संबंध?"

"ताई, खरं?"

"सत्तावन्न वर्षं माझी चूक स्वतःच्या नावावर मिरवतेस होय! विचारायचंस ना बये. ते मोजे दे इकडे."

मोजे दिले. पलंगावर बसले. रडले वाटतं. ताईने पाठीवर एक धपाटा घातला, लहानपणी घालायची तसा. "उठ. साडेपाचचे थेंब राहिले माझे. वेळापत्रकात आहे बघ."

१५ मार्च, शनिवार

ताई गेली. पॅसेजमधली खुर्ची उचलली नाही.

१७ मार्च, सोमवार

सकाळी कपडे भरले, टायमर लावला, प्लग लावला, बटण चालू. यांना म्हटलं, चला, बँकेचं काम आहे, मग बागेत बसू. हे बुटात एक पाय घालून थांबले. "मशीनचा प्लग?"

"राहू दे."

"तब्येत बरी आहे ना तुझी?"

बागेत बाकावर बसलो. अकरा वाजले तेव्हा घड्याळ बघितलं. घरी कुणी नाही आणि मशीन सुरू झालं असेल. छातीत जरा धडधडलं. मग नाही धडधडलं. हे शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत होते. परत आलो तर कपडे धुऊन तयार! चौदा युनिट झाली, दहा घरात. हे म्हणाले, "त्या लग्नाला आता जाता येईल का बघू. त्या मुलीची मुलगी लग्नाची झाली असेल."

किती हलकं वाटतं. चौदा वर्षांच्या मुलीने उचललेलं ओझं, आज खाली ठेवलं.

२० मार्च, गुरुवार

भाचीने फोनवर फोटो पाठवला. ताईच्या जुन्या पेटीत सापडला. "मावशी, आई अगदी तुझ्यासारखी दिसते ना? मागचा शिक्का पण बघ, किती मजेदार!"

अर्जाला लावायचा लहान फोटो. ताई, अठरा. पांढरा ब्लाउज, कॉलरला एक सुरकुती नाही. खांद्यावर पिशवीचा पट्टा. मागे स्टुडिओचा जांभळा शिक्का — शहरातला स्टुडिओ. तारीख सात मार्च.

शहराला एकच बस होती. सकाळी आठला जायची, चारला परत यायची.

ताईला फोन केला. "ताई, खरं सांग. प्लग कुणी लावला होता?"

"किती वेळा सांगू, चिमणे? मी!"

"बरं," म्हटलं. थेंब घातलेस का विचारलं. फोटोचं काही बोलले नाही.