थर हरवलेली खापरं

मुरगूड,
ऑक्टोबर १९८७

प्रिय शांता,

पुण्याच्या कंपनीत कॉम्प्युटरच्या थंड खोलीत तुला स्वेटर घालून बसावं लागतं, हे अब्बांना वाचून दाखवलं. म्हणाले, गडहिंग्लजची पोरगी थंडीला भिती व्हय? उत्तराला उशीर झाला, कारण आपल्या उत्खननाचं काय झालं ते कसं लिहावं हेच सुचत नव्हतं.

आपला प्रोग्रॅम पुरा झाला होता. तू म्हणायचीस तसाच, तीन पुडांच्या जेवणाच्या डब्यासारखा. खड्ड्यांची माहिती एका भागात, मातीच्या थरांची दुसऱ्यात, सापडलेल्या वस्तूंची तिसऱ्यात, आणि सगळ्यांना धरून ठेवणारा पिशवीचा नंबर. पहिले दोन भाग मी भरलेही होते. खापरांचा तेवढा राहिला होता. कोणती खापरं कुठल्या थरातली, ते प्रत्येक पिशवीतल्या चिठ्ठीवर होतं. पिशव्या अब्बांनी इथल्या दुकानात शिवलेल्या. आमच्या नजीराच्या कॉम्प्युटरला पिशव्या माझ्याच लागतात, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे.

घट बसायच्या आधी मी कोल्हापुरात कॉलेजच्या कॉम्प्युटरवर होते. परत आले तर उत्खननाच्या गोदामाच्या अंगणात दोरीवर सगळ्या पिशव्या वाळत घातलेल्या. आपल्या मजूर बायकांनी, बयाबाई आणि धोंडुबाईंनी, नवरात्राआधी घर धुतात तसं गोदाम धुऊन काढलं होतं. खापरं घासून तांबडी एकीकडे, काळी एकीकडे, नक्षीची तिसरीकडे. चिठ्ठ्यांचा लगदा झालेला. बयाबाई म्हणाल्या, "ताई, किती घाण हुती ती. आता बघा की, कसं लख्ख दिसतंय." धोंडुबाई म्हणाल्या, "नुसतं बघत काय ऱ्हायलाय, च्या तरी पाजणार का न्हाय?" मी चहा पाजला. त्यांनी काय केलं ते अजून त्यांना सांगितलेलं नाही.

सर आले. उत्खनन त्यांच्या नावावर, वाटलं, चिडतील. ढिगांकडे बराच वेळ बघून म्हणाले, वर्गवारी आयतीच झाली. काळी खालच्या थरांत दाखवा, तांबडी वरच्या, सगळीकडे असंच असतं. अहवाल डिसेंबरात गेला पाहिजे. शांता, मी एक करून पाहिलं. एका खापराला मनाला येईल तो थर दिला. प्रोग्रॅमने मुकाट्याने घेतला. नंबर जुळला की त्याला पुरतं. छापून आलेला कागद इतका देखणा होता की क्षणभर मलाच खरा वाटला.

मी नाही म्हटलं. सर म्हणाले, मग उद्यापासून येऊ नका. आता मी घरी आहे. अम्मी रोज म्हणते, "सायबाला पायजे ते लिहून द्यायचं हुतंस की. फुटक्या मडक्यांपायी कुणी नोकरी सोडतंय?" अब्बा गिऱ्हाइकांना सांगतात, पोरगी सुट्टीवर आलीया. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. धाकट्या सलमाचं शिक्षण थांबवायचं, असं आता घरात बोलणं चाललंय.

ज्यासाठी लिहायला बसले ते आता लिहिते. हा प्रोग्रॅम चालवता येईल अशी माझ्याखेरीज तू एकटीच. सर तुला बोलावणार आहेत, कायमची जागा देऊन. त्यांचं पत्र निघालंही असेल. तुझी आई, अव्वा, गडहिंग्लजला एकटी आहे, दर पत्रात तू परत यायचं म्हणतेस, हे मी विसरलेले नाही. तू कोल्हापुरात असलीस तर रविवारी एस.टी.ने भेटायला येता येईल, हेही मनात येऊन गेलं. तरी सांगते, येऊ नकोस. तू न आल्याने काही वाचणार आहे असं नाही. तू आली नाहीस तर सर हेच खोटं टाइपरायटरवर काढतील, आणि पुढची पोरं तेच खरं मानून शिकतील. आपण दोघींनी बांधलेल्या प्रोग्रॅममधून ते निघू नये, एवढंच. हे मागायचा मला हक्क आहे की नाही, ठाऊक नाही. सरांचं पत्र आल्याचं अव्वाला मात्र कळवू नकोस.

तुझीच,
नजीरा