पेन्सिलीची रेघ

रविवार, १९ नोव्हेंबर २००६, रीडिंग, इंग्लंड

पोरगी जेवून ब्रिस्टलला परत गेली, पण माझं डोकं अजून तापलेलंच. तिकडे युनिव्हर्सिटीत रशियन शिकते. आज कुणा जुन्या रशियन प्रवाशाचं पुस्तक वाचून दाखवलं. तो म्हणे आपल्याकडे फिरला, एका बाईला नवऱ्याचं नाव विचारलं, तर ती पदर तोंडाला लावून गप्प. याने लिहिलं, इथल्या बायकांना नवऱ्याचं नावसुद्धा ठाऊक नसतं, यांच्यापेक्षा गुरं बरी. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ.

"आई, सो फनी! तू पण बाबांचा नाव कधी घेत नाहीस. माझ्या एसेमध्ये तुलाच टाकते!"

आणि हसली.

ठाऊक नसतं होय? नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणून घेत नाही. जन्मभर जीभ आवरली. तरी मार्चमध्ये हे गेलेच. अजून तोंडातून नाव निघत नाही. मी तिला हे सगळं सांगायला लागले तर म्हणाली, ट्रेन चुकेल.

त्या रशियनाला काय बोलायचं? तो वाटसरू, बघितलं न बघितलं, पुढे गेला. ही माझ्या घरात वाढली. रेघ हिनेच मारली.