रेशीम की व्हिस्कोस

६ जानेवारी, मंगळवार

गेलं! खारघरच्या अमरीन मॅडमचं कार्पेट वाया गेलं. काल धुतलं तेव्हा पांढरंशुभ्र होतं, आज वाळलं तर पिवळं. आणि कडक — हात फिरवला तर पापडासारखं लागतंय. टॅगवर ‘रेशीम’ लिहिलं होतं, मी रेशमासारखंच धुतलं. गार पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. काय चुकलं?

ओट्यावरचा हिरामणदादा म्हणाला, “पानी जास्त झाला गं दिशा तुजा.” मग कारखान्यातल्या सगळ्यांनीच तेच म्हटलं.

शौकतचाचा, आमचे मालक, ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाले, उद्यापासून धुलाईच्या ओट्यावर यायचं नाही, धूळ झाडायची. दोन वर्षं धूळ झाडून ओट्यावर आले होते मी! तिथे रडले नाही. जुईनगरला घरी पोचले आणि मग रडले.

७ जानेवारी, बुधवार

धूळ. नाकात, कानात, डब्यातल्या भाकरीवर.

पाणी जास्त झालं नव्हतं. मोजून घेतलं होतं. हे मी सिद्ध करणार.

९ जानेवारी, शुक्रवार

धुळीच्या कामाचा एक फायदा कळला. झाडताना कार्पेट पालथं घालतात. म्हणजे आलेल्या प्रत्येक कार्पेटची पाठ आधी मला दिसते, मग ते चाचांच्या टेबलावर जातं. चाचा हात फिरवतात, टॅग लिहितात, आणि टॅगवर जे लिहिलं तसं ते धुतलं जातं. चाचांच्या टॅगवर शंका घ्यायची पद्धतच नाही आमच्याकडे.

तीन दिवस मी चाचांच्या आधी मनातल्या मनात टॅग लिहितेय. पाठीवर बारीक गाठी दिसल्या की हातानं विणलेलं. पाठीला कापड चिकटवलेलं असलं की आत गोंद — पाणी जास्त पाजलं की सुटणार. दशा मागाहून शिवलेल्या असल्या की मशीनचं. रंग जातो का बघायला ओलं पांढरं फडकं दाबून धरायचं. एवढं येतं आता. अकरापैकी दहा जुळले!

एक नाही जुळलं. निळं, चकचकीत. रेशीम चोळलं की बोटांना उबदार लागतं, व्हिस्कोस म्हणजे नकली रेशीम, ते गारच राहतं, हे चाचांनीच शिकवलेलं. मला ते गार लागलं. चाचांनी लिहिलं ‘रेशीम’. मी भीत भीत विचारलं, एक धागा जाळून बघू का? चाचा हसले.

“ज्याला बोटं हायत त्याला काडीपेटी लागत नाय.”

सगळे हसले. मीही हसले, मूर्खासारखी.

१२ जानेवारी, सोमवार

आज सोक्षमोक्ष लागला!

अमरीन मॅडमच्या कार्पेटचे धागे माझ्या ब्रशात अडकून राहिले होते. मी ते पर्समध्ये टॅगसकट जपून ठेवले होते. संध्याकाळी मोरीत बसून एक जाळला. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो. नाक लावून बसले, आणि आतून आई ओरडली, “कागद कोन जालतंय गं?”

कागद! असा वास व्हिस्कोसचा. आणि व्हिस्कोसला पाणी लागलं की ते पिवळं पडतं, कडक होतं — पाणी थोडं असो की जास्त. माझी चूक नव्हतीच. टॅगच चुकीचा होता.

एवढा राग आलाय! सहा दिवस धूळ खाल्ली मी त्या एका शब्दापायी.

आणि ते निळं उद्या ओट्यावर जाणार आहे. उद्या बोलायचंच. सगळ्यांसमोर.

१३ जानेवारी, मंगळवार

बोलले.

हिरामणदादा पाईप घेऊन उभा होता, मी निळ्या कार्पेटवर जाऊन बसले. ऊठ म्हणाला, उठले नाही. कडेचा एक धागा काढला, चिमट्यात धरून जाळला. मग मॅडमचा जाळला. दोन्हींचा वास एकच, कागदाचा. कोणाला सांगावं लागलं नाही. दोन्ही टॅग शेजारी शेजारी ठेवले, अक्षर चाचांचं.

हिरामणदादानं पाईप खाली ठेवला.

चाचा नुकताच आलेला चहा घेऊन ऐकत होते. स्टीलचा ग्लास, काठोकाठ उकळता चहा, मुठीत घट्ट धरलेला. मला तर तो पदरानंही धरवला नसता. हे आपले ढिम्म! एवढं सगळं समोर आलं तरी चेहऱ्यावर काही नाही. निगरगट्ट माणूस, असंच आलं मनात.

शेवटी म्हणाले, “उद्यापासून टॅग दिशा लिहील.” आणि घरी निघून गेले.

जिंकले!

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सगळ्यांना लाडू वाटले. हिरामणदादानं दोन घेतले, म्हणाला चुकलंच आमचं. चाचा आले नाहीत. त्यांच्यासाठी ठेवला नाही. गोड बोलायची इच्छाच नव्हती.

१५ जानेवारी, गुरुवार

चाचा आले. उजव्या हाताला पट्टी. तळव्यावर फोड आलेत, परवाच्या ग्लासाचे. घरी गेल्यावर चाचींनी दाखवले तेव्हा कळलं म्हणे.

“दिवाळीपासून बोटांना गरम-गार कळत नाय,” ते म्हणाले. “शुगर. तुझ्यावर ढकललं मी, दिशा. मला म्हाईत व्हतं.” अमरीन मॅडमना त्यांनी सकाळीच फोन करून स्वतःची चूक सांगितली होती.

मला राग यायला हवा होता. आला पण. पण जिंकल्याचं काही वाटेना.

दुपारी एक चकचकीत कार्पेट आलं. मी चोळलं, धागा जाळला, टॅग लिहिला — ‘रेशीम’. चाचा टेबलाशी आले. हिरामणदादा, सगळे बघत होते. चाचांनी टोपी काढली, वाकले आणि कार्पेटवर गाल घासला. मग डोळे मिटून तसेच राहिले.

“गालाला कळतं अजून,” म्हणाले. “बरोबर लिहिलंस.”