वरातीची मॅट फियाट

४ एप्रिल

आदेशनं आज फियाटवरची ताडपत्री ओढली. दिनेश गेल्यापासून मी कोणाले त्या गाडीले हात लावू देला नाई, आणि माह्या सख्ख्या भावानं न विचारता ओढली!

"ताई, माह्या वरातीले हेच गाडी पायजे. वरोऱ्याचे लोक पाहातच राह्यले पायजे."

म्हटलं, रंग पार उडाला आहे. म्हणे, "तू रंगव ना. भाऊजीनं तुले शिकवलंच आहे."

हो, शिकवलं. लग्न झाल्यावर मी घरात कमी आणि पोंभुर्ण्याच्या त्याच्या गॅरेजात जास्त राहात होती. भंगारातून उचललेली ही फियाट त्यानं अख्खी बदलून टाकली — रुंद चाकं, लाकडी स्टेअरिंग, जमिनीले टेकते का काय एवढी खाली. रंग तेवढा राह्यला. मॅट द्यायचा होता त्याले. चमकणारा नाई, मुका रंग. मग ताप मेंदूत चढला आणि तो गेला. मी गाडीसकट आईकडे परत आली.

आदेशले एकच अट घातली. करवली मी होईन. वरातीत त्याच गाडीत, नवरदेवाच्या बाजूले मी बसीन.

"मंग! सख्खी बहीण तू. दुसरं कोण बसन?"

विधवा करवली! मलेच कानावर विश्वास बसला नाई. पण तो म्हणाला, हसत म्हणाला.

७ एप्रिल

कोठा खाली केला. गाई लिंबाखाली बांधल्या. जुना रंग खरवडून खरवडून बोटं सोलली.

आई दारात उभी राहून पुटपुटते, "रांडमुंड बाई अन् गाडी रंगवून राह्यली! लोकाईले बोलाले तेवढंच पायजे." बाबा जाऊन तिले किती वर्षं झाली! स्वतःही तीच, तरी बोलण्यात सगळ्यात पुढं. परक्यानं बोललेलं सोसवते, आईचं नाई सोसवत.

१२ एप्रिल

पुट्टी. घासणं. पुन्हा पुट्टी. पुन्हा घासणं. आदेश एकदाही कोठ्यात आला नाई. त्याले कपड्याचं पडलं आहे.

साध्या रंगात कचरा बसला तर घासून पॉलिश मारता येते. मॅटचं तसं नाई. जिथं घासलं तिथं चमकते आणि तो डाग जन्मभर दिसते. तेल लागलं तरी तेच. दिनेश म्हणायचा, "हा रंग माफी नाई देत, दिव्यानी." मी पण आता त्या रंगासारखीच होऊन राह्यली.

१९ एप्रिल

आज रंग मारला!! झुंजुरकाच उठली, वारं सुटायच्या आत. जमिनीवर पाणी शिंपडलं, चारी बाजूनं माह्या रंगीत साड्या टांगल्या. पेटीत पडून होत्या, आता नेसू कोण देते? धूळ तरी अडवतील. तोंडाले दुपट्टा बांधला आणि रंगाची स्प्रे गन हातात घेतली. पहिल्या हातालेच समजलं, जमते! हात विसरला नव्हता.

सागाचं पान उलटं केलं की जसं दिसते ना, तसा रंग आला. भुरका हिरवा. एक कण बसला नाई. मी तिथंच जमिनीवर बसली आणि रडली. आनंदानंच रडली, उगाच काहीबाही लिहायचं नाई.

२१ एप्रिल

वामनकाका आले. चष्मा लावून गाडीभोवती फिरले. "अस्तर मस्त बसलं पोरी. रंग कधी मारतं?"

हसावं का डोकं आपटावं! दिवसभर जो येते तो हेच. "अजून रंग नाई मारला का?" शेवटी खडूनं भिंतीवर लिहिलं — रंग झाला आहे. हात लावू नये.

२३ एप्रिल

काकू आली होती, वामनकाकाची बायको. सोप्यात पाय पसरून सगळं ठरवून गेली. वरमाय ती. करवली तिची मयुरी. आईनं देवकाजवळ येऊ नये, मी हळदीत येऊ नये. गाडी मात्र आमचीच राहीन!

मी आदेशकडे पाह्यलं. तो मोबाइलात.

"आदेश, तू मले काय बोलला होता?"

"समजून घे ना ताई. करिश्माच्या घरचे जुन्या वळणाचे आहेत."

"ते काही म्हणाले?"

"म्हणाले नाई. पण म्हणतील."

नवरीच्या घरच्यांनी तोंडातून शब्द काढला नाई आणि माह्या भावानं आधीच मान तुकवली! आई तांदूळ निवडत होती. वरमायचा मान तिचा, तिच्या पोराचं लग्न, पण वर सुद्धा पाह्यलं नाई. मले फक्त म्हणे, "गप राह्य. मी राह्यलीच ना गप."

२४ एप्रिल

नवऱ्याची गाडी शुभ. नवऱ्याची बायको अशुभ. वा रे वा!

२८ एप्रिल

हळद. मले आणि आईले मागच्या खोलीत बसवलं. बाहेर बायका गाणी म्हणून राह्यल्या होत्या. नवरदेवाले लावून उरलेलं हळदीचं तेल आमच्याकडे वाया जाऊ देत नाईत. उंबरठ्याले लावतात, बैलाच्या शिंगाले लावतात. घरी बैल नाईत आता. काकू ते वाडगं घेऊन कोठ्यात गेली. बॉनटवर तेलात कुंकू कालवून स्वस्तिक काढलं. मग गाडी कोरडी ठण्ण दिसते म्हणून उरलेलं सगळं तेल फडक्यानं चोळलं. बॉनट, दारं, टप. भिंतीवरचं लिहिलेलं तिले दिसलंच नसन.

मी बाहेर असती तर हात धरला असता तिचा. पण मले बाहेर यायचं नव्हतं ना!

साबणानं धुतलं तर पिवळं आणखीनच पसरलं. चट्टे चट्टे. काकू बिचारी म्हणते, "पाह्य कशी चमकून राह्यली आता!" तिले माहीतच नाई तिनं काय केलं. तिच्यावर काय चिडू?

आदेश म्हणे, "एवढं काय ताई, हार टाकले की झाकून जाईन." ह्याच्यावर चिडली. पार नरडीपासून ओरडली. म्हटलं, गाडी दिनेशची आहे, रंग माह्या हातचा आहे, आणि तू माहा कोणी नाई. आई माह्या मागं उभी होती. मले आवरलं नाई तिनं.

त्यानं मित्राले पाठवलं चावी मागाले. देली नाई. मंग त्यानं बोलेरो ठरवली.

३० एप्रिल, वरोरा

सकाळी मंडळी उठायच्या आत गाडी मीच काढली. कुठी जायचं ते ठरवलं नव्हतं. फाटकात आई उभी! वाटलं अडवते. तिनं दार उघडलं, समोर माह्या बाजूले बसली आणि म्हणे, "वरोऱ्याले घे."

मंडपापुढं थांबलो तर नवरीकडच्या बायका आरती घेऊन धावल्या, गाडीत वाकून पाहाले लागल्या. नवरदेव कुठी आहे?

आईनं काच खाली केली. "मागून येऊन राह्यला बोलेरोत. आधी वरमायचे पाय धुवा."